दिनकर पेंटरचा ‘ह’

माणूस जातो, पण त्याची रेघ मागे राहते. हे वाक्य माझं नाही. दिनकर साळवे गेल्यावर बेलापूरला पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, तिथे एका वक्त्यांनी ते दोनदा म्हटलं, आणि दुसऱ्यांदा म्हणताना आवाज मुद्दाम खाली आणला. या वक्त्यांच्या दुकानाची पाटी दिनकरनेच रंगवली होती. गेल्या दिवाळीत त्यांना एका साबण कंपनीचा छापील पत्रा फुकट मिळाला, तेव्हा जुनी पाटी उतरवायचाही त्रास न घेता त्यांनी तो तिच्यावर ठोकला. रेघ पत्र्याच्या मागे राहते एवढाच अर्थ घ्यायचा असेल तर वाक्य अगदी बरोबर आहे.

दिनकर गेल्याचं मला एका टेम्पोवाल्याने सांगितलं. श्रीरामपुरात माझं अक्षरजुळणीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, शाळांचे अहवाल असं सगळं कॉम्प्युटरवर करून देते. सकाळी शटर अर्धं वर गेलेलं असताना टेम्पो दारात थांबला. टेम्पोवाला खाली उतरला नाही, इंजिनही बंद केलं नाही. “ताई, आपला पेंटर गेला ओ.” मी विचारलं, “कुठं?” त्याने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि गिअर टाकला. टेम्पोच्या फळीवर दिनकरच्या हातचं ‘आईचा आशीर्वाद’ होतं. टेम्पो चौकातून वळेपर्यंत मी ते वाचत उभी राहिले... मग शटर उरलेलं वर केलं. गिऱ्हाईक यायचं होतं.

मेलेल्या माणसाला विनम्र म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. दिनकर विनम्र नव्हता. पाटीच्या खालच्या कोपऱ्यात तो ‘दिनकर आर्ट्स, बेलापूर’ असं लिहायचा, आणि पाटी लहान असली तरी सही लहान व्हायची नाही. एका किराणा दुकानदाराने तक्रार केली की गिऱ्हाईक दुकानाचं नाव सोडून पेंटरचंच वाचतं. दिनकर म्हणाला, “मग चांगलं कोनी लिवलंय ते त्येंला कळतंय.” माझ्या दुकानात तो पहिल्यांदा आला तो भांडायला. कॉम्प्युटरमुळे पाट्यांचं काम जाणार अशी आवई उठली होती. खांद्यावर ब्रशची पिशवी, शर्टाच्या बाहीवर निळा रंग. मी नुकतीच छापलेली एक पत्रिका त्याने खिडकीच्या उजेडात धरली, बराच वेळ पाहिली आणि माझ्याकडे परत दिली. “अक्षरं चांगली हायती. पन समदी कवायतीला हुभी हायती.” मग चहा घेतला, बशीत ओतून. भांडण तिथेच संपलं आणि त्यानंतर आठवड्यातून एकदा तरी तो माझ्या मशीनला नावं ठेवायला येऊ लागला.

त्या बशीवरूनच मला पहिल्यांदा कळलं. एके दिवशी त्याने चहा बशीत ओतलाच नाही, कप दोन्ही हातांनी धरला. नंतर बाजारपेठेतल्या एका पाटीवर पाहिलं, उभ्या रेघा सरळ होत्या पण वळणांना बारीक दाते आले होते, करवतीसारखे. नगरच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. दिनकरने तो शब्द घरी येऊन बायकोला सांगितला तो असा, की जणू एखादी पदवी मिळाली आहे. कमलवहिनी म्हणाल्या, “नाव मोठं हाय. त्याची पाटी रंगवा आता.” हा त्यांचा नेहमीचा सूर. रडायचं असेल तेव्हा त्या टोमणा मारतात.

एवढ्यावर भागलं असतं. पाट्या सोडून द्यायच्या, मुलगा कारखान्यात लागलेला होता, घर चाललं असतं. पण त्याच वर्षी त्यांच्या वस्तीतला जुना विहार पाडून नवा बांधायचं ठरलं. जुन्या विहाराच्या दारावर ‘बुद्धविहार’ ही अक्षरं दिनकरने कोवळ्या वयात रंगवली होती. त्याच्या आयुष्यातलं ते पहिलं काम. भिंतीबरोबर ती गेली. नव्या दारावर अक्षरं सिमेंटमध्ये उठावाची हवीत असं समितीने ठरवलं, आणि समितीचे अध्यक्ष म्हणाले की नगरला तयार स्टीलची अक्षरं मिळतात, ती आणू. हे अध्यक्ष निवृत्त अधिकारी. स्वतःला ‘आम्ही’ म्हणतात, आणि ‘आम्ही’ म्हणताना आजूबाजूला पाहतात, बाकीचे आले का म्हणून. दिनकर माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसला. “ताई, त्या दारावर दुसऱ्याचं अक्षर लागलं, तर मी आत जायाचा न्हाई. अन् माझं लागायचं तर हात चालाया पायजे. तुमच्या मशीनला हात लागतो का न्हाई लागत, तेवढं सांगा.”

त्या वेळी माझ्याकडे चित्र काढायचे दोन प्रोग्रॅम होते. एक पुण्याहून कुणीतरी फ्लॉप्यांवर आणून दिलेला, दुसरा मुंबईहून. त्यांची खरी नावं इंग्रजी आणि लांब. दिनकरने त्यांना ‘पुण्याचा’ आणि ‘मुंबईचा’ हीच नावं ठेवली आणि नंतर मीही तशीच वापरू लागले. दोन्हींमध्ये पेन होतं, पण दोन्ही पेनांचा स्वभाव निराळा. पुण्याच्या पेनात माऊस दाबून धरायचा आणि सरळ काढत सुटायचं. हात जसा जाईल तशी रेघ, आणि त्या रेघेवर ठिपके मशीन स्वतः बसवतं. मुंबईच्या पेनात ओढत न्यायचं नाही. एक ठिपका द्यायचा, मग दुसरा. दुसरा देताना माऊस दाबूनच जरा बाजूला खेचायचा, की ठिपक्याला दोन्हीकडे सायकलच्या हँडलसारखी दांडी फुटते. ती दांडी लांबवली की मधली रेघ फुगते, फिरवली की वळते. हात किती थरथरला याच्याशी तिला देणंघेणं नाही. हात कुठे थांबला एवढंच ती विचारते.

दिनकरला पुण्याचा आवडला, हे सांगायला नकोच. “ह्यो आपला. काडलं तसं काडतो.” त्याने ‘ह’ काढायला घेतला, कारण त्याच्या मते ‘बुद्धविहार’ या नावात ‘ह’ हेच एक अक्षर पेंटरची परीक्षा घेतं, वरून उतरायचं, पोट द्यायचं, आत वळायचं आणि शेपूट खाली सोडून द्यायचं, सगळं एका दमात. पडद्यावर ‘ह’ उमटला. भिंतीवर दिसायचा तोच कंप इथे दिसत होता, उलट जास्त, कारण मशीनने प्रत्येक थरथरीवर इमानाने एकेक ठिपका बसवला होता. अक्षरावर मुंग्या चढल्यासारखं दिसत होतं. “भिंतीला तरी दया येती,” तो म्हणाला. तेवढ्यात वीज गेली, आणि त्या दिवशी वीज मंडळाला मी मनातून धन्यवाद दिले.

मग मुंबईचा. दुपारी गिऱ्हाईक नसायचं तेव्हा तो यायचा, आणि आम्ही दोघं त्या दांड्यांशी झटायचो. इथे एक चमत्कारिक अडचण निघाली. त्याची वळणं दर वेळी भलत्याच जागी फुगायची, पोटाच्या मध्येच गाठ आल्यासारखी. मी सांगून थकले की ठिपका वळणाच्या टोकाला द्या, जिथे रेघ सगळ्यात बाहेर जाते तिथे. तो मान हलवायचा आणि पुन्हा ठिपका आपल्याच जागी द्यायचा. शेवटी माझ्या लक्षात आलं. त्याने ‘ह’ आयुष्यभर ब्रशने काढला होता, आणि ब्रशमधला रंग पोटाच्या मध्यावर संपायचा. तिथे थांबायचं, डब्यात बुडवायचं, पुन्हा टेकवायचं. त्याचा हात तिथेच थांबत होता. मी म्हटलं, “दिनकरराव, इथं रंग संपत नाही.” तो म्हणाला, “संपत न्हाई? मंग थांबायचं कुठं?” हा प्रश्न त्याने गमतीत विचारला नव्हता. मी पुन्हा वळणाच्या टोकावर बोट ठेवून दाखवलं.

ती सवय मोडायला फार दिवस गेले. कमलवहिनी एकदा डबा घेऊन आल्या, पडद्यावरचा ‘ह’ बघितला आणि म्हणाल्या, “म्हातारपनी शाळंत घातलंय ह्यास्नी. घरी अभ्यास न्हाई करीत, ताई, मारा.” दिनकर म्हणाला, “तू गप. हितं दांडी धरलीया मी.” त्याची बोटं माऊसवर थरथरत होती, बाण पडद्यावर माशीसारखा हलत होता, पण तो वाट बघायचा. थरथर एका क्षणाला उतरते, तेवढ्यात बोट सोडायचं. एखादा माणूस चालत्या गाडीतून उतरतो तसा तो प्रत्येक ठिपक्यावर उतरायचा. असे मोजके ठिपके, आणि एके दुपारी ‘ह’ झाला. खरोखर झाला. पोट भरलेलं, शेपूट सैल. मी बाजारपेठेत ओळखला असता, हा त्याचाच.

मग त्याने एक विचित्र गोष्ट मागितली. म्हणाला, तो पहिला, पुण्याचाही छापा. दोन्ही ‘ह’ आम्ही मोठे छापून फरशीवर शेजारी ठेवले. तो खाली उकिडवा बसला. मी मनात तयारी केली होती; थरथरणारा ‘ह’ हाच खरा, त्यात माणूस आहे, दुःख आहे, असं काहीतरी मी बोलणार होते. वाचणाऱ्या माणसांना अशी वाक्यं फार लवकर सुचतात. त्याने थरथरणाऱ्या कागदाची घडी घातली आणि माझ्या रद्दीच्या टोपलीत टाकली. “त्यो माझा हात हाय,” तो म्हणाला, “अन् हात माझा ऱ्हायला न्हाई आता. अक्षर हाय अजून. लोकांनी दारात यावं अन् अक्षर बगावं. बिचारा पेंटर, बिचारा पेंटर करीत वर बगाय लागले तर मी काय केलं मंग?” मी माझं वाक्य गिळलं.

समितीपुढे त्याने गुळगुळीत अक्षरांचा कागद मांडला. अध्यक्षांनी तो दूर धरला, जवळ धरला आणि म्हणाले, “आम्हाला वाटतं, हे कॉम्प्युटरचं आहे.” दिनकर म्हणाला, “व्हय. ब्रश बी बाजारातूनच आनला हुता.” स्टीलची अक्षरं रद्द झाली. विहाराचं बांधकाम पैशांसाठी थोडं रेंगाळलं, आणि त्या थोड्या दिवसांत दिनकरला छातीत कफ झाला. श्रीरामपूरच्या दवाखान्यात मी शेवटची भेटले तेव्हा तो बोलण्यापलीकडे गेला होता. उजवा हात चादरीवर होता, आणि आश्चर्य म्हणजे स्थिर होता. ते पाहून मला बरं वाटलं... डॉक्टरांना वाटलं नाही.

अक्षरं तो गेल्यानंतर बसली. माझा प्रिंटर एका वेळी साध्या कागदाएवढंच छापतो, म्हणून एकेक अक्षर तुकड्यातुकड्यांत छापून दिलं. गवंड्याने ते कागद जुळवून पिठाच्या खळीने भिंतीवर चिकटवले, कडेने रेघ कोरून घेतली आणि कागद काढून सिमेंटचा उठाव भरला. मागच्या आठवड्यात मी बघायला गेले. कमलवहिनी दारातच होत्या. संध्याकाळच्या वंदनेआधी थोडा वेळ त्या तिथे उभ्या राहतात, वर बघत. आता तशी सवयच लागली आहे असं शेजारणी म्हणाल्या. मीही वर पाहिलं. बाकी अक्षरं स्वच्छ आहेत, पण ‘ह’च्या पोटात एका जागी रेघ किंचित हलली आहे, बोटभर सुद्धा नाही, पण आहे. वहिनी म्हणाल्या, “कळतंय का, ताई? शेवटाला तिथं हात हालला त्येंचा. बाकी समदं मशीनचं आसंल, तेवढं मातुर त्येंचं हाय.” मग पदराने तोंड पुसलं आणि टोमणा मारला नाही. वस्तीतली माणसंही येणाऱ्याजाणाऱ्याला ती जागा दाखवतात, अध्यक्षसुद्धा. ‘आम्ही’ न म्हणता दाखवतात.

मी परत निघाले तेव्हा गवंडी बाहेर पायरीचं काम करत होता. मी काही विचारण्याआधीच तो हळू आवाजात म्हणाला, “बाई, त्या दिशी खळ पातळ झाल्ती. कागद सरकला.”