गाऱ्हाण्यातून गाळलेलं नाव

गोवा राज्य झालं त्या वर्षी धाकटा भाऊ गणपतीच्या चवथीला घरी येणार असं कळलं, आणि सूड कसा घ्यायचा ते मी ठरवून टाकलं.

कारण क्षुल्लक नव्हतं. राजभाषेच्या चळवळीत मी मराठीच्या बाजूने, तो कोकणीच्या. पेडण्याच्या बाजारात मी भर सभेत मराठीची थोरवी सांगत असताना हा मागून ओरडला, "दादा, घरा रेड्याक खंयच्या भाशेन गाळी घालता तें सांग मरे!" सभा हसली. माझ्या बाजूची माणसं जरा जास्तच हसली. घरी येऊन आम्ही कडाकडा भांडलो, तेही कोकणीतच, कारण घाईत मला मराठी शिव्या सुचेनात. तो मुळगावला खाणीच्या ट्रकवर गेला आणि दोन वर्षं फिरकला नाही. बाजारात मात्र माझ्या पाठीमागे कोणीतरी हमखास रेकायचं.

मधल्या काळात चर्चमध्ये व्हायोलिन वाजवणाऱ्या म्हाताऱ्या शेजाऱ्याने वडिलांना एक जुनं चित्र दिलं. धातूवर कोरून छापलेलं, नुसत्या काळ्या रेघांचं. पायरीवर गुडघे टेकलेला, हाडं वर आलेला मुलगा आणि त्याच्यावर ओणवलेला बाप. बायबलातला उधळ्या मुलगा परत आला, बापाने क्षमा केली, अशी गोष्ट. वडिलांनी ते बरोबर माझ्या जेवायच्या जागेसमोर टांगलं.

"आनी थोरलो भाव?" मी शेजाऱ्याला विचारलं.

"तो भायर. रागान भितर येना."

"चित्रांत खंय तो?"

"ना रे बाबा. ताका कोण काडटलो?"

थोरल्याचं चित्र कोण काढणार, म्हणे! मी आणखी पेटलो.

आमच्याकडे आरतीनंतर कर्त्याने गणपतीला गाऱ्हाणं घालायचं असतं. एकेकाला नाव घेऊन देवाच्या पदरात घालायचं, आणि शेवटी सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. त्या होकाराशिवाय गाऱ्हाणं पोचत नाही. वडील थकल्यापासून ते काम माझ्याकडे होतं. मी धाकट्याचं नाव गाळणार होतो. देवासमोर, सगळ्या भावकीदेखत.

तो आला. वाळलेला, कानांत खाणीची लाल धूळ. वडील त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभेच राहिले. मी समई पुसत होतो, जरा जोरातच.

गाऱ्हाण्यात मी चुलते घेतले, सुना घेतल्या, पोरंबाळं, गाभण म्हैससुद्धा. आणि थांबलो. होकार आला नाही. वडील गप्प, म्हणून सगळे गप्प. कापूर विझत आला.

"कोण रवलो?" वडिलांनी विचारलं.

"कोण ना."

तेवढ्यात मागून धाकटाच खणखणीत म्हणाला, "व्हय म्हाराजा!" आणि पुढे येऊन चक्क माझ्या पाया पडला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. क्षमा करायची की नाही हे माझ्या हातात होतं. ती त्यानेच करून टाकली, वर मलाच!

मी तडक अंगणात जाऊन उभा राहिलो. थोड्या वेळाने वडील काठी टेकत बाहेर आले.

"पान वाडलां. येता मरे?"

"भूक ना," मी म्हटलं. सकाळपासून पूजेचा उपास होता.

ते परत गेले नाहीत. पायरीवर बसले. "मागीर हांवय जेवचों ना."

ते बसल्याशिवाय आत कोणी घासाला हात लावणार नव्हतं. शेवटी मीच उठवून त्यांना आत नेलं. भावाच्या शेजारचं पान सोडून पलीकडच्या पानावर बसलो आणि भाज्यांचं खतखतं तीनदा मागून घेतलं. त्याच्याशी मात्र एक शब्द बोललो नाही.