बायोच्या खोलीतला महाराष्ट्र

आमच्या चाळीतली जुनी मंडळी हल्ली भेटतात ती कुणाच्या बाराव्याला, नाहीतर कुणाच्या नातीच्या लग्नात. सुरुवात गुडघ्यांपासून होते. मग शुगर, मग सुना. आणि पानं मांडेपर्यंत कुणीतरी म्हणतंच, "बायोकडचं ते भजन आठवतं का रे?" झालं! नवरा-नवरी राहतात बाजूला. प्रत्येकाकडे एक किस्सा, आणि प्रत्येकाचा दावा की माझाच खरा. मी सगळे ऐकलेत, बरेचसे डोळ्यांनी बघितलेत, म्हणून माझेच खरे.

लालबागची ती चाळ आता नाही. तिथं टॉवर आहे, आणि टॉवरच्या पायथ्याशी एक पब. पुतण्या मला एकदा कौतुकानं घेऊन गेला. आत मिट्ट काळोख, आणि गाणी एवढ्या जोरात की शेजारच्याला शिवी घातली तरी पोचू नये. मी वेटरला विचारलं, "रेड पडली तर मागनं कुठून निघायचं?" त्यानं मला बाथरूम दाखवली. पुतण्या लाजला. मी म्हटलं, बाबा रे, पकडलं जायची भीती नाही तर इथं बसून गंमत काय? सरळ घरी बसून ताक पी ना.

आमच्या वेळी दारूबंदी होती. आणि त्याच वेळी संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटलेली. मी मिलमध्ये साळखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, मागावर होतो. पहिली पाळी सुटली की अर्धं खातं घरी जायचं आणि अर्धं दुसऱ्या मजल्यावर बायोच्या खोलीत. बायो मालवणकडची. तिचं खरं नाव कुणी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. नवरा आमच्याच मिलमधला, छातीच्या दुखण्यानं गेला. पदरात दोन मुली आणि अंथरुणाला खिळलेली सासू. चोरून नवटाक-नवटाक दारू विकली तरच चूल पेटणार, एवढा साधा हिशेब.

धंद्याची तिला लाज नव्हती. तिला राग होता तो बंद दाराचा. कडी वाजली की काळजात धस्स व्हायचं, मग ती दूधवाल्यानं का वाजवलेली असेना. "एक दिस दार सताड उघडा टाकून बसतलंय," असं ती म्हणायची. दुसऱ्या बायका बांगड्यांची, पाटल्यांची स्वप्नं बघतात. हिला हवं होतं उघडं दार.

\*

माल यायचा वरळी कोळीवाड्यातून. एक कोळीण डोक्यावर पाटी घेऊन यायची. वर बोंबील, खाली रबरी फुगे, आणि फुग्यांत दारू. नाक्यावरचे पोलीस लांबूनच तिला जा जा करायचे. युक्ती फर्स्टक्लास होती, फक्त दारूला बोंबलाचा वास यायचा. आम्हाला वर्षानुवर्षं वाटत होतं की दारूचा वास असाच असतो.

आमच्यात परब म्हणून एक जॉबर, म्हणजे खात्यातला मुकादम, होता. मिशी मोठी, आवाज त्याहून मोठा, आणि जगातल्या कुठल्याही विषयावर ठाम मत. त्याचा मेव्हणा बोटीवर होता. त्यानं एकदा विलायती बाटली आणली. परबानं ती आम्हाला दाखवायला बायोकडे आणली, झाकण उघडलं, हुंगलं, पुन्हा हुंगलं. चेहरा पडला.

"फसवला मेव्हण्याला," परब म्हणाला. "हिच्यात बोंबील नाय."

ती अख्खी बाटली त्यानं एका दमेकऱ्याला छातीला चोळायला दिली. दमेकरी महिनाभर खुशीत होता.

\*

आता ते भजन. रेडची वर्दी आली की माल मोरीत, आणि आम्ही भजनी मंडळ. भिंतीवर तसबीर, दोन टाळजोड, एक फुटका मृदंग. सगळ्यांत मिळून एका अभंगाच्या दोन ओळी पाठ. तेवढ्यावर काम भागायचं, कारण पोलीस दारातून डोकावून निघून जायचे.

एकदा एक नवा इन्स्पेक्टर आला. भजनाचा शौकीन निघाला! टोपी काढली, मांडी घातली, म्हणाला, चालू द्या. आम्ही त्या दोन ओळी सुरू केल्या. विलंबितात म्हटल्या, द्रुतात म्हटल्या, परबानं रडत म्हटल्या. मृदंगावर मी होतो, मला तर तालाचा त माहीत नाही. इन्स्पेक्टर डोळे मिटून डोलत होता. शेवटी उठला आणि म्हणाला, "शब्द थोडे आहेत, पण भाव आहे." आणि पोलीस लायनीतल्या सत्यनारायणाला आमचं मंडळ बोलावून गेला.

नाही कसं म्हणणार? गेलो. आजूबाजूला सगळी खाकी मंडळी हात जोडून बसलेली, मध्ये आम्ही, त्याच दोन ओळी. भजन एकदाचं संपलं. भटजी तीर्थ वाटत आले. परबानं ओंजळ पुढं केली, एका घोटात घेतलं, डोळे घट्ट मिटून तोंड वाकडं केलं आणि सवयीनं दुसरा हात पुढं करून म्हणाला, "चणे?"

\*

परबाचा दुसरा किस्सा तो स्वतः कधी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. मागावर माझ्या शेजारी गंगाराम होता. वाचणारा माणूस, दोन पेपर रोज. तो पहिल्यांदा बायोकडे आला तेव्हा परबाची जात एकदम जागी झाली. बायोला बाजूला घेऊन म्हणाला, गंगारामचा गिलास वेगळा ठेव. हळू बोलला असं त्याला वाटलं, पण परबाचं हळू खालच्या मजल्यावर ऐकू जायचं.

बायोनं भर खोलीत विचारलं, "तुरुंगात गेल्यार पण येगळी खोली मागतलंस काय, रे परबा?"

गंगाराम हसला नाही. आपला गिलास त्यानं उचलला, परबासमोर ठेवला आणि परबाचा स्वतः घेतला. परब तो गिलास प्यायला. दारू वाया घालवण्याइतकी त्याची जात कडक नव्हती.

पुढं गंगारामनं दीक्षा घेतली आणि त्या दिवसापासून थेंबाला शिवला नाही. पण बायोकडे येतच राहिला, लेमन प्यायचा आणि पेपर वाचून दाखवायचा. सगळ्यांत जास्त वाईट वाटलं ते परबाला. "एवढा चांगला माणूस," म्हणायचा, "आणि आता आपल्या पंक्तीत बसत नाय."

\*

आता चळवळ बायोच्या खोलीत कशी शिरली ते ऐका. श्रेय अर्थात परबाचं. एक दिवस त्यानं भिंतीला टेकून सिद्धान्त मांडला. मुंबई आपल्याला द्यायची नाही म्हणणारे कोण? वरचे. दारूबंदी लादली कुणी? वरच्यांनी. मग आपलं राज्य आलं की दारूबंदी जाणार की नाही? सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या वेळी दोन-दोन गिलास झालेले असायचे, तेव्हा माना कशावरही डोलायच्या.

मी तर त्यानंतर प्रत्येक सभेत कान टवकारून बसायचो. वक्ते बेळगावबद्दल बोलले, कारवारबद्दल बोलले, डांगबद्दल बोलले. बायोच्या खोलीबद्दल एकही शब्द नाही. गंगाराम, शुद्धीवर असलेला एकटाच माणूस, विचारायचा, अरे पण असं बोललं कोण? परब म्हणायचा, सगळंच काय सभेत बोलतात? गंगारामनं बायोलाही सांगून बघितलं की ह्या भरवशावर राहू नकोस. पण बायोला ते पटवून घ्यायचंच नव्हतं. परब गेला की ती मला हळूच विचारायची, "कधी येतला तुमचा राज्य?" मी म्हणायचो, येईल गो. तिच्या तोंडावर दुसरं काय बोलणार?

आणि तिचा विश्वास पक्का केला तो हवालदार कदमनं. हा आमच्याच भागातल्या चौकीवरचा, साताऱ्याकडचा, अंगानं दांडगा. आठवड्यातून दोनदा साध्या कपड्यांत, छत्री घेऊन यायचा. पाऊस असो नसो, छत्री हवीच, तोंड लपवायला. रेडची वर्दी तोच द्यायचा. वर आणि भाषण करायचा.

"बायो, कायदा त्यांचा. वर बसलेत ते काय आपले आहेत? त्यांचा कायदा मी का म्हणून पाळू?"

आणि गिलास रिकामा करायचा. सत्याग्रहच तो! बाकीचे लोक लाठ्या खात होते, कदम चणे खात होता.

\*

सगळंच काही हसण्यावारी नेऊ नका. गोळीबार झाला त्या आठवड्यात बायोनं खोली बंद ठेवली. आमच्या खात्यातला एक पोरगेला साळी मोर्चाला गेला तो परत आलाच नाही. नुकतं लग्न झालेलं. त्याच्या घरी दोन्ही वेळचं जेवण बायोकडून जायचं, आणि ते घेऊन जायचा परब. त्या आठवड्यात परबाला कशावरही मत नव्हतं. मला तो माणूस त्याच आठवड्यात खरा आवडला.

\*

त्यानंतर परबानं जाहीर केलं की आपण सत्याग्रह करून तुरुंगात जाणार. सगळ्या चाळीला सांगून झालं. बायकांनी ओवाळलं. धीर यावा म्हणून निघताना बायोकडे एक गिलास घेतला, धीर पुरेना म्हणून आणखी दोन. तुकडी गेली, पोलिसांनी धरली, सगळ्यांची नावं लिहून घेतली. परबाजवळ आल्यावर जमादारानं नाक वर करून हुंगलं. बाकीचे सगळे सत्याग्रही म्हणून आत गेले. परब गेला दारूच्या गुन्ह्यात.

त्यानं आकाशपाताळ एक केलं. मी राजबंदी आहे, मला देशभक्तांत टाका, म्हणून कोठडीत घोषणा दिल्या. शेजारचा एक खिसेकापू वैतागून म्हणाला, "अबे, दारू का केस है, सो जा ना!"

सुटून आला तेव्हा चाळीत बाकीच्यांना हार घातले जात होते आणि परब जिन्यात तोंड लपवून उभा. कुणी पुढं होईना. तेवढ्यात बायो हार घेऊन आली.

"ह्यो माझ्यासाठी गेलो," ती म्हणाली. "ह्येका मीच हार घालतलंय."

परब रडला. नंतर म्हणाला, डोळ्यात कचरा गेला होता.

\*

आता खोली बंद कशी झाली ते. घाबरू नका, बायोचं पुढं बरं झालं. थोडा त्रास काढला, पण मग तिनं खानावळ काढली, मुलींना शिकवलं, आणि शेवटपर्यंत परबाला फुकट जेवू घातलं. पण ते नंतरचं.

राज्य आलं! लालबाग-परळमध्ये काय वर्णन करू, घरोघर गुढ्या, रांगोळ्या, पेढे, अनोळखी माणसं गळ्यात पडत होती. मीही रडलो, उगाच खोटं कशाला सांगू. आणि भर दुपारी बायोनं दार उघडलं. सताड. चौकटीला तोरण, उंबऱ्याबाहेर रांगोळी, गॅलरीत बाकडं, बाकड्यावर ओळीनं भरलेले गिलास. स्वतः नवं लुगडं नेसून दारात खुर्ची टाकून बसली. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून बोलवत होती. गंगारामनं एकदा तिच्याकडे बघितलं. मग लेमनची बाटली घेऊन तोही बाकड्यावर बसला. परबानं गिलास उंच धरून भाषण सुरू केलं.

तेवढ्यात जिन्यावर बूट वाजले. कदम. पहिल्यांदाच पुऱ्या ड्रेसमध्ये, छत्री नाही, मागं दोन कॉन्स्टेबल. आम्ही सरकून जागा केली. बायोनं पेढा दिला, त्यानं तो कपाळाला लावून खाल्ला. मग एक गिलास पुढं केला. त्यानं घेतला नाही. डोळे पाण्यानं भरलेले.

"बायो, लुगडं बदलायचं तर बदल. चौकीवर यायचंय."

परब ओरडला, "कदम, परवापर्यंत तूच इथं बसून ढोसत होतास ना!"

"परवापर्यंत राज्य दुसऱ्याचं होतं," कदम म्हणाला. आणि छातीवर हात ठेवून, अगदी मनापासून म्हणाला, "आता वर आपली माणसं आहेत, बायो. आता कायदा आपला आहे. आता कसं सोडू?"

कॉन्स्टेबलांनी गिलास मोरीत ओतले. बायोनं सासूला पाणी पाजलं, मुलींना शेजारी पाठवलं, लुगडं बदललं नाही. ताठ मानेनं जिना उतरली. दार उघडंच टाकलं.

खाली पोलिसांची व्हॅन उभी. चारी मजल्यांच्या गॅलऱ्या माणसांनी भरलेल्या. काहीतरी केलं पाहिजे हे सगळ्यांना कळत होतं, काय ते कळत नव्हतं. परबानं कठड्यावर वाकून मूठ वर केली आणि जी एकच गोष्ट त्याला इतकी वर्षं येत होती ती केली.

"मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..."

"झालाच पाहिजे!" अख्खी चाळ गरजली.

बायोचा एक पाय व्हॅनमध्ये होता. ती वळली, आम्हा सगळ्यांकडे वर बघितलं आणि म्हणाली, "झालो मां! आता गप रवा."