युगांडाच्या वाटेवरची लस

विघ्नांचे भार हलके करणाऱ्या श्रीगजाननास व आमच्या कुलस्वामिनीस वंदन असो. पूर्व आफ्रिकेतील युगांडा देशी जाण्याची सिद्धता करताना आम्हां उभयतांना गोंदियाहून मुंबईपर्यंत जो लहानसा प्रवास घडला, त्याची ही हकीकत.

आमची कन्या वैदेही कंपाला शहरानजीक राहते. जावई तेथील साखर कारखान्यात रसायनतज्ज्ञ आहेत. विवाहानंतर अकरा वर्षांनी तिला दिवस गेले. प्रसूतीच्या वेळी आई जवळ असावी, एवढेच तिचे मागणे होते. सौभाग्यवतींची दृष्टी अधू. विमाने बदलत एकटीने जाणे त्यांना शक्य नव्हते. मी गेलो तरच त्या जाणार. गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावरील वैमानिक-शाळेची इवली विमाने फुलचूर गावातल्या आमच्या अंगणावरून घरघरत जातात. विमानाशी आमचा परिचय तेवढाच.

त्या देशी प्रवेशासाठी पिवळ्या तापाची लस घेणे अनिवार्य, आणि त्या सुमारास ती जवळपास कोठे उपलब्ध नसल्याने मुंबईला जाणे आले. निघण्यापूर्वी आमच्या डॉक्टरांनी मला बाजूस बसवले.

"गुरुजी, आधीच सांगून ठेवतो, नंतर मला बोल लावू नका. ही लस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात."

आमच्या घरात त्या वस्तूचे नावही घेतले जात नाही. 'ते' एवढेच म्हणतात. मी घरी येऊन सौभाग्यवतींना सांगितले. त्या वाती वळत होत्या. "बरं," एवढेच म्हणाल्या. मी धर्मग्रंथ काढून बसलो. औषधास सवलत दिसत होती. पण मी रोगी नव्हतो. निर्णय न करताच गाडीत बसलो.

समोरच्या बाकावर आमगावचे एक धान उत्पादक शेतकरी होते. भाच्याकडे कल्याणला निघालेले. त्यांनी डबा उघडून लाखोळीच्या (लाख या कडधान्याच्या) वड्या पुढे केल्या. प्रवासात मी फळांखेरीज काही घेत नाही. सौभाग्यवतींनी मात्र एक वडी घेतली.

"महाराज, एवढे गुमसुम काऊन बसून राहिले?" त्यांनी विचारले.

आडपडदा न ठेवता मी कारण सांगितले. त्यांनी तोंडातली वडी चावून संपवली.

"तुमी थोडी खाऊन राहिले? दंडात जाऊन राहिलं ते. अन् कोंबडीले कोठं मालूम हाय, का आपलं अंडं बामनाच्या घरी पावनं गेलं? तुमी नोका सांगू तिले."

सौभाग्यवतींनी पदराने तोंड झाकले, तरी खांदे हलत होते. मलाही हसू आले. परंतु उत्तर मिळाले नव्हते.

मुंबईत लसीकरणाच्या जागी लाकडी बाकांवर तीसेक माणसे बसली होती. शेजारचे एक व्यापारी, वरचेवर नैरोबीस जाणारे, माझी अडचण ऐकून हळूच म्हणाले, "आजोबा, सोपं आहे. अंड्याची अ‍ॅलर्जी आहे म्हणून सांगा. लस न घेण्याच्या सवलतीचं पत्र मागा आणि चला."

मोह झाला, हे लपवीत नाही. एका असत्याने देह शुद्ध राहणार होता. मात्र सत्य सोडून राखलेल्या त्या शुद्धतेला मी रोज संध्येस बसून काय नाव देणार होतो? आणि सत्य बोलून नकार दिला, तर परदेशात वेणा सोसणाऱ्या लेकीस काय कळवणार होतो?

इतक्यात आमची नावे पुकारली गेली. डॉक्टर बाईंनी विचारले, "अंड्यानं कधी त्रास झालाय?"

"कधी चाखलेच नाही, त्यामुळे ठाऊक नाही," मी म्हणालो. साठीनंतर या लसीची जोखीम थोडी अधिक असते, हेही त्यांनी नीट समजावले आणि विचार करण्यास वेळ दिला. मी विचार करीत असतानाच सौभाग्यवती चाचपडत पुढे गेल्या, स्टुलावर बसल्या आणि त्यांनी चोळीची बाही वर केली. सुई आत गेली, बाहेर आली.

चाळीस वर्षांत त्यांनी मला विचारल्यावाचून व्रताचे उद्यापनही केले नव्हते. मी म्हणालो, "अहो, मला विचारलं नाहीत."

"नाही विचारलं," कापूस दाबून धरीत त्या म्हणाल्या. "हो म्हणाला असतात तर जन्मभर तुम्हाला टोचलं असतं. नाही म्हणाला असतात तर मला. म्हणून नाही विचारलं. आता तुमचं तुम्ही बघा. मी कुणाला तरी सोबतीला धरून जाईन."

मी उपरण्याखालून दंड पुढे केला.

लस घेतल्याच्या दाखल्याची दोन पिवळी पुस्तके घेऊन आम्ही गोंदियास परतलो. दोघांनाही दोन दिवस किंचित कणकण होती. ती उतरल्यावर मी प्रायश्चित्ताचा विधी काढला आणि दोघांचा संकल्प एकत्रच करावा म्हणून त्यांना हाक मारली. त्या ओसरीवर सूप घेऊन लेकीसाठी डिंक आणि अळीव निवडीत होत्या.

"तुमचं चालू द्या," त्या म्हणाल्या. "मला खडे दिसत नाहीत, त्यातच वेळ जातो."

मी पोथी मिटली, चष्मा लावला आणि सूप माझ्याकडे ओढले. आयुष्यभर मी शुचिता सांभाळली असे समजत होतो; तिचा भार कोण वाहत होते, हे मुंबईला जाऊन कळले. प्रायश्चित्त करायचे ते याचेच.

वाचकहो, आपल्या घरी जे कोणी न विचारता आपला भार उचलत असेल, त्यास जगदंबा उदंड आयुष्य देवो. आपल्या लेकीबाळी जेथे असतील तेथे सुखरूप राहोत, आणि आपल्या घरी अन्न, आरोग्य व समाधान अखंड नांदो.