दोन बोटं माया

आमच्या नंदनवन वस्तीतला शिंपी तोंडात टाचण्या धरूनच बोलतो, त्यामुळे बोलणं मोजकंच. पहिल्या नोकरीची पँट मी त्याच्याकडे शिवायला टाकली, तेव्हा 'एकदम फिट पाहिजे' असं चारदा बजावलं होतं. तो टाचण्या काढून म्हणाला, "फिट देतो, पण आतून दोन बोटं माया ठेवतो गा. माणूस आजच्याएवढाच राहत नाही." शिवणीतलं ते जादा कापड दोनदा सोडवून मी ती पँट बारा वर्षं घातली.

परवा मुलीला घेऊन गेलो. ती पहिल्या नोकरीसाठी पुण्याला निघाली होती आणि तिची रेडिमेड पँट कमरेत घट्ट होत होती. त्याने पँट उलटी केली, शिवणीवरून अंगठा फिरवला.

"ढिल्ली कशी करू वं पोरी? यात मायाच नाही."

मुलगी हसली. तो हसला नाही. जुळता तुकडा शोधून त्याने आतून जोडून दिला आणि म्हणाला, "तिथं नवे लोक भेटतीन. त्यायच्याशी वागतानी दोन बोटं माया ठेवजो."

तिला गाडीत बसवून घरी आलो आणि कपाटातून माझी ती जुनी पँट काढली. उसवलेल्या पहिल्या शिवणीची रेघ कापडावर अजून दिसते. एवढासाच होतो मी.