हिरवा पू आणि लोशनची बाटली

पट्टी सोडली तर खाली पुन्हा हिरवा पू. सर्जनसाहेब मला म्हणाले, "भानुदास, दोन दिवस बघू. नाहीतर पाय काढावा लागेल."

खाटेवर पाथर्डीकडची सुभद्रा. ऊस तोडताना कोयता नडगीवर बसलेला. ती म्हणाली, "मामा, पाय न्हाई ऱ्हायला तर फडावर मला कोन घेईल?"

मी नगरला एका दवाखान्यात ड्रेसर होतो. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या. शिक्षण चौथी. सत्तर-एकाहत्तरची गोष्ट.

लॅबचा रिपोर्ट आला. पेनिसिलीन, स्ट्रेप्टोमायसीन, कशानंच जंतू मरेनात. शेजारच्या दोन खाटांवरही तेच.

साहेब म्हणाले, "हे आपल्याच वॉर्डातले जंतू. औषध पचवायची विद्या त्यांच्या अंगातच लिहिलेली असते. पिल्लांना मिळतेच, पण दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देतात."

"जात बघत नाहीत?"

"नाही."

"मग आपल्यापेक्षा बरे."

घरी जेवताना बायकोला, पार्वतीला, हे सांगितलं. ती गेल्या पोळ्याला गेली. तिचं नाव कुठंतरी यावं म्हणूनच हे लिहितोय.

ती म्हणाली, "म्हंजी शेजारनीला विरजन दिल्यागत. एका घरचं दही समद्या आळीत." मग म्हणाली, "पर विरजन टिकतं भांड्यात. तुमी तुमचं भांडं कवा घासता?"

माझं भांडं म्हणजे लोशनची बाटली. जखमा धुवायची ती बाटली मी कधीच रिकामी केली नव्हती. कमी झालं की वरून ओतायचं. बूचही वर्षभर तेच. औषधाची बाटली, तिला काय धुवायचं?

सकाळी साहेबांना सगळं सांगितलं. नोकरी गेली असं धरूनच गेलो होतो. त्यांनी बाटली लॅबला पाठवली आणि ऑपरेशन थांबवलं. बाटलीत तेच जंतू निघाले.

"गाढवा, जंतू मारायच्या औषधात जंतू पाळलेस!" साहेब ओरडले. मग हळू म्हणाले, "सांगितलंस, हे बरं केलंस."

बुचं जाळली. बाटल्या उकळल्या. लोशन रोज ताजं. या जंतूंना अजून न पचलेलं नवीन इंजेक्शन पुण्याहून मागवलं. आठवड्यात पू आटला, जखमेत लाल मांस दिसायला लागलं. महिन्यानं सुभद्रा काठी टेकत, पण दोन्ही पायांवर, एसटीत चढली.

पार्वतीला सांगितलं, "तुझ्यामुळं पाय वाचला."

"मग आता ताट बी घासा," ती म्हणाली.

जंतू लई शिकलेले असतात, साहेबांचं खरं होतं. पण बाटली रोज घासली की त्यांची शाळाच भरत नाही.