आइलीकाकूंचा खडक आणि साहेबांची विजार

जून उजाडला की आइलीकाकू चिंध्यांच्या सतरंज्या ढकलगाडीत घालून नदीवर निघत. काठावरचा तो खडक म्हणजे पाण्यात पहुडलेल्या म्हशीची पाठच. त्यातल्या रांजणखळग्यात सतरंज्या भिजवायच्या, गुळगुळीत उतारावर पाइनचा साबण लावून घासायच्या. नवरा गेल्यावरही हा नेम चुकला नव्हता.

यंदा मात्र जिल्ह्याच्या गावाहून कौको नावाचे साहेब हा खडक सरकारी ठेवा म्हणून जपायला त्याला कुंपण घालायला आले. धुणं आता बंद.

"काकू, दहा हजार वर्षांपूर्वी इथे बर्फाचा डोंगर होता. त्याने हा खडक घासला. वितळलेल्या पाण्याने गोटे गरगर फिरवून हा रांजण कोरला."

"बर्फाने घासलं तर कौतुक, आणि मी घासलं तर गुन्हा?"

साहेब टेप घेऊन उतारावर गेले. "तिथे साबण आहे हो!" काकूंनी सांगितलं खरं, पण साहेब घसरायला लागल्यावर. कमरेपर्यंत पाण्यात उभ्या साहेबांना बघून शेजारची साइमी पदरात, म्हणजे एप्रनात तोंड खुपसून हसली.

भिजल्या पाहुण्याला तसंच कसं धाडायचं? काकूंनी घरचा सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, तापवला, साहेबांना आत बसवलं आणि त्यांचे कपडे दोरीवर टाकून स्वतः दाराबाहेर कॉफी घेऊन बसल्या.

बऱ्याच वेळाने आतून हाक आली, "काकू, विजार वाळली का?"

"अजून ओलसर आहे," कडकडीत वाळलेली विजार चाचपत काकू म्हणाल्या. "कुंपणाचं काय ठरलं?"

"ते सरकारी काम आहे. घालावंच लागणार."

"मग ओलीच आहे."

आत तापलेल्या दगडांवर पाणी पडल्याचा चर्र आवाज झाला.

"माझी आईसुद्धा नदीवरच धुते," अखेर ते म्हणाले. "आणि हे बघा, पाण्याच्या बाजूला खांब काही रोवता येणार नाहीत. तिकडे फार घसरतं, हे मी स्वतः तपासलंय."

काकूंनी विजार घडी घालून दाराच्या फटीतून आत सरकवली.

पंधरवड्यात तीन बाजूंनी लोखंडी कुंपण उभं राहिलं. आइलीकाकू आता होडीतून येतात. खडक बघायला आलेले पाहुणे कुंपणावरचा माहितीचा फलक वाचायला थांबले, की काकूंना आधी त्यावर वाळत घातलेली सतरंजी बाजूला करावी लागते.