काचेच्या दाराशी काढलेले बूट

फिल-सुनच्या तांदळाच्या वड्यांच्या दुकानात पीठ दळायच्या यंत्रावर एक जुना फोटो टांगलेला आहे. ग्योंगजू शहरातल्या तळ्याकाठचं ते मोठं हॉटेल आणि त्याच्या पायऱ्यांवर नवी नवरी, नवा नवरा. इथे कोरियात, देगूच्या आमच्या बाजारात सगळ्यांचा समज एकच, की मधुचंद्राला ही जोडी त्या हॉटेलात राहिली होती. फिल-सुनने कधी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. खरं काय ते मला ठाऊक होतं, कारण समोरचं औषधाचं दुकान माझं. वड्यांच्या परातींनी पाठ धरली की ती माझ्याकडेच येऊन बसायची.

दोघं उतरली होती बसस्टँडमागच्या साध्या लॉजवर. त्या काळी नव्या जोड्यांना टॅक्सीवालेच फिरवत आणि फोटोही तेच काढत. त्यांच्या टॅक्सीवाल्याने त्यांना हॉटेलपाशी नेलं. जरा आत डोकावू म्हणून दोघं काचेच्या दाराशी गेली आणि आतला तो स्वच्छ गालिचा बघून त्यांनी चक्क बूट काढले. घरात शिरताना काढतो तसेच, दाराबाहेर जोडीने लावून. मोज्यांवर आत गेली, तर आतली मंडळी हसायला लागली. दो-सिक, म्हणजे तिचा नवरा, तसाच मागे फिरला. टॅक्सीवाल्याने त्याच घाईत फोटो उरकला. नवरीचे पाय घेरदार पोशाखात झाकले गेले, पण नवऱ्याचे मोजे नीट पाहिलं तर दिसतात. पाहतो कोण?

त्यानंतर दो-सिकने ग्योंगजूचं नाव घेतलं नाही. फिल-सुनला मात्र त्या हॉटेलात एक रात्र राहायचं होतं. हट्ट करणारी बाई ती नव्हे. पहाटे वड्या वाफवायच्या, दुपारी पीठ दळायचं, सणाला तर पाठ टेकायचीही सोय नाही. त्यात वर्षं गेली.

या वसंतात तिला सत्तरावं लागलं आणि मुलीने, ह्ये-रिमने, त्याच हॉटेलातली तळ्यासमोरची खोली दोन रात्रींसाठी घेतली. "परत जाऊन या तुम्ही दोघं," म्हणाली बिचारी. दो-सिकची कारणं सुरू झाली. यंत्राचा पट्टा बदलायचाय, कंबर धरलीय, कुणाच्या लग्नाच्या वड्या द्यायच्यात. मुलगी रुसली. मी फिल-सुनला सरळ सांगितलं, पोरीला खरं सांग आणि नवऱ्याला ओढून ने.

ती म्हणाली, "ताई, तो माणूस अजून तिथेच मोज्यांवर उभा आहे. ओढू कुठून?"

शेवटी तिनेच ठरवलं, मी ताईंना घेऊन जाते. यावर दो-सिक म्हणाला, "औषधवाल्या बाईंबरोबर मधुचंद्र? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, वडीवाल्यापेक्षा बरी सोबत मिळाली."

मग तो आम्हाला दुकानाच्या टेम्पोतून सोडायला तयार झाला. सोडणार आणि लगेच परत फिरणार, या अटीवर. टेम्पोत वाटभर तिळाच्या तेलाचा वास होता.

हॉटेलच्या पायऱ्यांवर ह्ये-रिम वाट बघत उभी. निदान जुन्यासारखा एक फोटो काढू द्या, मग जा, असं तिने बापाला विनवलं. दोघांना कसं उभं करायचं म्हणून तिने मोबाइलवर जुना फोटो मोठा करून पाहिला, आणि थबकली.

"बाबा, तुमचे बूट कुठायत?"

दो-सिक तळ्यातल्या हंसाच्या आकाराच्या होड्यांकडे बघत राहिला. मी तोंड उघडणार होते, पण फिल-सुनने माझ्या पायावर पाय दिला. मग ती पायरीवर बसली आणि तिने स्वतःचे बूट काढले.

"आम्ही इथे राहिलोच नव्हतो गं. बूट काढून आत गेलो आणि लोक हसले. तुझ्या बाबांच्या मनात तेवढंच राहिलंय. माझ्या मनात दुसरंच आहे. यांनी आधी माझे बूट नीट लावले, मग स्वतःचे. तेव्हाच म्हटलं, या माणसाबरोबर निभेल आपलं."

दो-सिकला हे ती पहिल्यांदाच सांगत होती. इतकी वर्षं मला सांगितलं, त्याला नाही. काय म्हणावं अशा बायकांना.

दो-सिकने खाली वाकून तिचे बूट सरळ केले.

"फरशी गार आहे," म्हणाला, "पटकन काढ फोटो." आणि शेजारी स्वतःचे बूट काढून ठेवले.

फोटो झाल्यावर दोघांनी बूट घातले आणि काचेच्या दारातून आत गेली. टेम्पो दोन दिवस तिथेच राहिला. मी बसने घरी आले. माझी भरलेली बॅग कुणाला आठवलीसुद्धा नाही.

दोघं परतल्यावर मी विचारलं, कसं होतं? फिल-सुन म्हणाली, पलंग फार मऊ, म्हणून आम्ही खाली रजया घालून झोपलो. पलीकडून दो-सिकने यंत्र थांबवून विचारलं, "ताई, शरदात पानं लाल होतात तेव्हा तिथे खोली मिळते का हो?"